क्रम लावण्याची किंमत

दहा लाख नावांची यादी आहे. नावे वाटेल तशी, मागेपुढे लिहिलेली. ती अकारविल्हे लावायची आहेत. दोन नावांची तुलना सेकंदाला एक कोटी वेळा करू शकेल असा संगणक हाताशी आहे. त्याला एका रीतीने काम सांगितले तर यादी लागायला जवळजवळ चौदा तास जातात. दुसऱ्या रीतीने सांगितले तर दोन सेकंद. यंत्र तेच, यादीही तीच. आणि नवल असे, की हा फरक प्रोग्राम चालवून पाहण्याआधीच कागदावर आकडेमोड करून काढता येतो. ही आकडेमोड म्हणजे अल्गोरिदमचे विश्लेषण. माणसाच्या बुद्धीने केलेल्या सर्वांत देखण्या कामांत मी तिची गणना करतो.

यादी क्रमाने लावण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, तर शोधण्यासाठी. भारतातल्या सुमारे 140 कोटी लोकांची नावे क्रमाने लावलेली असतील, तर हवे ते नाव जास्तीत जास्त 31 वेळा डोकावून सापडते. मधले नाव पाहायचे, निम्मी यादी बाद करायची, उरलेल्या निम्म्याचे मधले पाहायचे. अशा 31 निम्मेकरणांत 214 कोटींपर्यंतची यादी संपते. क्रम नसेल तर सगळी 140 कोटी नावे चाळण्याची पाळी येऊ शकते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या प्रख्यात ग्रंथमालेचा तिसरा खंड 1973 मध्ये आला, तो संपूर्णपणे क्रमवारी आणि शोध या दोनच विषयांना वाहिलेला आहे. 1960 च्या दशकात संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचा अंदाज असा होता की त्यांच्या यंत्रांचा पाव हिस्सा वेळ नुसता क्रम लावण्यात जातो, अशी नोंद त्यात आहे.

चौदा तासांची रीत सर्वांत आधी सुचणारी आहे. शेजारची दोन नावे पाहायची, उलटी असतील तर त्यांची अदलाबदल करायची आणि पुढच्या जोडीकडे वळायचे. यादी एकदा अशी पार केली की सर्वांत शेवटी यायला हवे ते नाव शेवटी पोचते. मग उरलेल्या नावांसाठी पुन्हा पहिल्यापासून. हिला बबल सॉर्ट म्हणतात. पहिल्या फेरीत 9,99,999 तुलना, दुसरीत एक कमी, तिसरीत आणखी एक कमी. सगळ्यांची बेरीज जवळजवळ 50,000 कोटी होते. सेकंदाला एक कोटी या वेगाने 50,000 सेकंद, म्हणजे 13 तास 53 मिनिटे.

या बेरजेतला खरा मुद्दा यादी वाढल्यावर दिसतो. नावे दुप्पट झाली की काम चौपट होते. दसपट झाली की शंभरपट. एक कोटी नावांना हीच रीत सुमारे 58 दिवस घेईल. दसपट वेगवान यंत्र विकत आणले तरी सहा दिवस बसावे लागेल. दोन सेकंदांवाली रीत मात्र जुन्याच यंत्रावर एक कोटी नावे 23 सेकंदांत लावून देते. काम नावांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते की त्याहून हळू, हे एकदा कळले की यंत्राच्या वेगाचा प्रश्न मागे पडतो. वाढीचा हा दर लिहिण्यासाठी संगणकशास्त्रात मोठ्या ‘ओ’ची खूण वापरतात. पॉल बाखमान या जर्मन गणितज्ञाने 1894 मध्ये संख्या सिद्धांतावरच्या पुस्तकात ती वापरली आणि एडमुंड लांडाउ यांच्या 1909 च्या ग्रंथामुळे ती रुळली. तेव्हा संगणक कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पुढे 1976 मध्ये क्नुथ यांनी या खुणेचा आणि तिच्या दोन भावंडांचा, ओमेगा आणि थीटाचा, संगणकशास्त्रापुरता काटेकोर अर्थ ठरवून दिला.

सेकंद न मोजता तुलना मोजायच्या, याला कारण आहे. सेकंद यंत्रागणिक बदलतात. तुलनांची संख्या कुठेही तीच राहते. शिवाय तुलना वाटते तितकी स्वस्त नसते. आपल्या मराठीचेच घ्या. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडने एक क्रमांक दिला आहे आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’नंतर आहे. त्यामुळे नुसते क्रमांक पाहून लावलेल्या यादीत ‘काळा’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तो नंतर हवा असतो. हे नीट साधायचे तर प्रत्येक तुलनेच्या वेळी प्रोग्रामला मराठीचा वेगळा नियम पाहावा लागतो. हा नियम न पाळणाऱ्या मराठी याद्या आजही जागोजाग दिसतात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. भाषेची वर्णमाला ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

दोन सेकंदांची रीत संगणकाच्या जन्माइतकीच जुनी आहे. 1945 मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन एडव्हॅक या संगणकाच्या आराखड्यावर काम करत होते. यंत्र अजून बांधलेही नव्हते. नियोजित आज्ञा निव्वळ आकडेमोडीपलीकडच्या कामाला पुरतील का, हे पाहण्यासाठी त्यांनी एक प्रोग्राम हाताने लिहून काढला, आणि त्यासाठी निवडलेले काम होते क्रम लावण्याचे. हे हस्तलिखित क्नुथ यांनी 1970 मध्ये सटीप प्रसिद्ध केले. त्यातली रीत आज मर्जसॉर्ट म्हणून ओळखली जाते. क्रमाने लागलेल्या दोन याद्या असतील तर त्यांची मिळून एक करणे सोपे असते: दोन्हींची पहिली नावे पाहायची, आधीचे असेल ते उचलायचे, पुन्हा पहिली नावे पाहायची. एक नाव जागेवर बसवायला फार तर एक तुलना. सुरुवातीला प्रत्येक नाव ही एकेका नावाची यादी समजायची. पहिल्या फेरीत जोड्या होतात, दुसरीत चौकडी, तिसरीत आठ-आठ. विसाव्या फेरीपर्यंत 10,48,576 नावांची एकच यादी होऊ शकते. फेऱ्या वीस, प्रत्येक फेरीत फार तर दहा लाख तुलना, एकूण दोन कोटींच्या आत. बबल सॉर्टचे 50,000 कोटी आणि हे दोन कोटी.

मग याहून कमी तुलनांत भागेल का? इथे हा विषय नुसत्या युक्त्यांच्या पातळीवरून वर उठतो. किती कमी करता येईल याला तळ आहे, आणि तो तळ सिद्ध करता येतो.

तराजू आहे, वजने नाहीत, आणि पाच आंबे आहेत. दोन पारड्यांत एकेक आंबा ठेवून कोणता जड एवढेच कळते. पाचही आंबे हलक्यापासून जडापर्यंत ओळीने लावायचे आहेत. पाच आंब्यांच्या ओळी 120 प्रकारे लागू शकतात आणि त्यांतली एकच खरी आहे. एका तोलण्याची उत्तरे दोनच: डावे जड किंवा उजवे जड. सहा वेळा तोलले तर उत्तरांचे 64 वेगवेगळे क्रम होतात. 64 उत्तरांतून 120 शक्यता वेगळ्या करता येणार नाहीत. कुठल्या तरी दोन ओळींना तीच सहा उत्तरे मिळणार. तेव्हा सहा तोलण्यांत हमखास ओळ लावून देणारा माणूस जन्माला आलेला नाही आणि येणारही नाही. सात वेळा तोलले तर 128 उत्तरे होतात. तेवढी पुरायला हवीत, आणि पुरतात. कशी ते पाहण्यासारखे आहे.

पहिल्या दोन तोलण्यांत दोन जोड्या करा. तिसऱ्यांदा दोन्ही जोड्यांमधले जड आंबे एकमेकांशी तोला. आता तीन आंब्यांची एक ओळ तयार झाली: हलका, मधला, जड. चौथा आंबा या जडापेक्षा हलका आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. इथे घाई करून चौथा आंबा बसवायला घेतला तर गणित फसते. आधी पाचवा घ्यायचा, ज्याबद्दल काहीच माहीत नाही. तो तिघांतल्या मधल्याशी तोला, मग उत्तराप्रमाणे हलक्याशी किंवा जडाशी. दोन तोलण्यांत तो बसला. एकूण पाच झाली. आता चौथ्याकडे या. तो त्या जड आंब्याच्या खालीच बसणार, आणि खाली आता फार तर तीन आंबे आहेत. तिघांत जागा शोधायला दोन तोलणी पुरतात. एकूण सात. ज्याच्याबद्दल थोडे ठाऊक आहे त्याला थांबवून ठेवण्यात सगळी खुबी आहे. लेस्टर फोर्ड आणि सेल्मर जॉन्सन यांनी 1959 मध्ये हीच कल्पना कितीही वस्तूंसाठी मांडली.

हाच हिशेब दहा लाख नावांना लावला तर तळ सुमारे 1 कोटी 85 लाख तुलनांवर येतो. एकमेकांशी तुलना करूनच काम करणारी कोणतीही रीत, आजची असो की शंभर वर्षांनी निघणारी, सर्वांत वाईट प्रसंगी यापेक्षा कमी तुलनांत सुटणार नाही. फॉन नॉयमन यांची रीत दोन कोटींच्या आत आहे. अजून न बांधलेल्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्राम तळाच्या इतका जवळ गेलेला असावा, हे मला आजही थक्क करते.

पण तळ सिद्ध झाला म्हणजे तिथपर्यंत पोचता येतेच असे नाही. बारा वस्तूंच्या ओळी 47,90,01,600 प्रकारे लागतात आणि 29 तुलनांची उत्तरे 53,68,70,912 होतात. म्हणजे 29 पुरायला हव्यात. फोर्ड-जॉन्सन रीतीला मात्र 30 लागतात. एक तुलना कुठे जास्त गेली? मार्क वेल्स यांनी 1965 मध्ये संगणकाला कामाला लावून सगळ्या वाटा तपासल्या आणि दाखवून दिले की 29 मध्ये बारा वस्तू लागतच नाहीत. 30 हाच खरा आकडा. 16, 17 आणि 18 वस्तूंचे नेमके आकडे ठरायला 2023 साल उजाडावे लागले. अठरा वस्तूंना 54. इतका छोटा प्रश्न, आणि इतका कठीण!

तुलना कमी म्हणजे वेळ कमी, हेही पूर्ण खरे नाही. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या रीतींपैकी एक, क्विकसॉर्ट, दहा लाख नावांना सरासरी अडीच कोटी तुलना करते, म्हणजे मर्जसॉर्टपेक्षा जास्त. तरी ती बहुधा आधी संपते, कारण ती वेगळी जागा न मागता यादीतल्या यादीतच काम उरकते आणि संगणकाच्या स्मृतीत ओळीने पुढे सरकते.

तिचा जन्म मॉस्कोतला. ती शोधणारे टोनी होर 1934 मध्ये कोलंबोत जन्मले. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी ग्रीक-लॅटिन साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकून घेतले, ब्रिटिश नौदलात रशियन शिकले आणि 1959 मध्ये मॉस्को विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी रशियनचे इंग्रजीत यांत्रिक भाषांतर करण्याचा प्रश्न हाती घेतला. शब्दकोश लांबलचक चुंबकीय फितीवर अकारविल्हे नोंदलेला होता. वाक्यातले शब्द आले तसे शोधले तर फीत पुन्हा पुन्हा मागेपुढे फिरवावी लागणार. आधी वाक्यातले शब्दच क्रमाने लावले तर एकाच फेरीत सगळे अर्थ हाती येतात. होर यांना पहिल्यांदा सुचली ती बबल सॉर्टचीच रीत. ती फार सावकाश चालेल हे त्यांनी ओळखले आणि दुसरी शोधली: यादीतला कोणताही एक शब्द पिव्हट म्हणून घ्यायचा, त्याच्या आधी येणारे शब्द एका बाजूला, नंतर येणारे दुसऱ्या बाजूला. पिव्हट आपल्या कायमच्या जागी बसला. मग दोन्ही बाजूंना तेच. इंग्लंडला परतल्यावर ते एलियट ब्रदर्स या संगणक कंपनीत लागले. वरिष्ठांनी त्यांना डोनाल्ड शेल यांची 1959 मधली रीत यंत्रभाषेत लिहायला सांगितली. ते झाल्यावर होर म्हणाले, याहून वेगवान रीत माझ्याकडे आहे. वरिष्ठांनी सहा पेन्सची पैज लावली आणि ते हरले. 1961 मध्ये क्विकसॉर्ट प्रसिद्ध झाली. 1980 मध्ये होर यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या रीतीत एक मोठा धोका दडलेला आहे. पिव्हट म्हणून नेहमी पहिलेच नाव घेतले आणि यादी आधीपासूनच क्रमाने असली, तर एका बाजूला काहीच जात नाही आणि दुसऱ्या बाजूला सगळे उरते. काम पुन्हा वर्गाच्या प्रमाणात, पुन्हा चौदा तास. 1991 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये हे प्रत्यक्ष घडले. युनिक्स या कार्यप्रणालीबरोबर येणारा, वर्षानुवर्षे विश्वासाने वापरलेला क्विकसॉर्टचा प्रोग्राम, काही मिनिटांचे काम असताना तासनतास चालत राहिला. मध्येच थांबवला नसता तर कित्येक आठवडे चालला असता. आधी चढत जाणारे आणि मग उतरत येणारे आकडे दिले की त्याचा पिव्हट हमखास चुकत होता. जॉन बेंटली आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी 1993 मध्ये तो नव्याने लिहिला. 1997 मध्ये डेव्हिड मुसर यांनी वेगळी तोड काढली: क्विकसॉर्ट किती खोल जाते आहे यावर नजर ठेवायची, आणि ती मर्यादेबाहेर गेली की काम काढून घेऊन हीपसॉर्टकडे सोपवायचे. हीपसॉर्ट सरासरीला सावकाश असते, पण कधीच घात करत नाही. सरासरी प्रसंग आणि सर्वांत वाईट प्रसंग यांचे हिशेब वेगवेगळे मांडायचे असतात, ते एवढ्यासाठी.

आणि सर्वांत सोपा प्रसंग? खऱ्या जगातल्या याद्या क्वचितच पूर्ण विस्कटलेल्या असतात. कालची क्रमाने लागलेली यादी असते, तिच्या शेपटाला आजची शंभर नावे जोडलेली असतात. टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये पायथॉन भाषेसाठी लिहिलेली टिमसॉर्ट आधीच क्रमाने असलेले तुकडे हेरते आणि त्यांनाच एकत्र करत जाते. यादी आधीच लागलेली असेल तर दहा लाख नावांना दहा लाखांतही एक कमी तुलना पुरते. जावा आणि अँड्रॉइडनेही ती उचलली. 2015 मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी ती बिनचूक असल्याची गणिती सिद्धता द्यायला घेतली आणि सिद्धता अडली. अडली, कारण रीतीत खरोखरच चूक होती! जावामध्ये 6,71,08,864 घटकांची एक विशिष्ट यादी दिली तर प्रोग्राम कोसळत होता. इतकी वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. पायथॉनने मूळ नियम सुधारला. जावाने तूर्त आतली राखीव जागा वाढवून काम भागवले. मला पायथॉनचा मार्ग अधिक योग्य वाटतो.

आता तळाकडे पुन्हा येऊ. तो तळ तुलनेला बांधलेला आहे. वस्तूंची एकमेकींशी तुलनाच केली नाही तर तो लागू होत नाही, आणि हे संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. छिद्रे पाडलेल्या कार्डांवर 1890 ची अमेरिकी जनगणना मोजणाऱ्या हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांच्या वंशात पुढे कार्डे वेगळी करणारी यंत्रे आली. अशा यंत्रात एका वेळी एकच स्तंभ वाचला जाई आणि त्यातल्या अंकाप्रमाणे कार्ड आपल्या कप्प्यात पडे. आयबीएमचे 083 हे यंत्र मिनिटाला 1,000 कार्डे अशी वाटे. अनेक अंकी क्रमांक लावायचा तर सुरुवात शेवटच्या अंकापासून करत. ऐकताना हे उफराटे वाटते, म्हणून प्रत्यक्षच पाहू. 412, 208, 431, 218, 402 ही कार्डे घ्या. एककाप्रमाणे कप्प्यांत टाकून पुन्हा गोळा केली की 431, 412, 402, 208, 218 होतात. मग दशकाप्रमाणे: 402, 208, 412, 218, 431. मग शतकाप्रमाणे: 208, 218, 402, 412, 431. क्रम लागला, आणि कोणत्याही दोन कार्डांची गाठ एकमेकांशी घातली गेली नाही. अट एवढीच, की एकाच कप्प्यात पडलेल्या कार्डांचा आधीचा मागेपुढेपणा मोडता कामा नये. संगणकावर ही रीत यायला वेळ लागला, कारण कोणत्या कप्प्यात किती जातील हे आधी माहीत नसते आणि प्रत्येकासाठी भरपूर जागा राखून ठेवणे तेव्हा परवडत नव्हते. हॅरल्ड सीवर्ड यांनी 1954 मध्ये एमआयटीत तोडगा दिला: एक फेरी नुसती मोजणीची करा, प्रत्येक कप्प्याची जागा नेमकी ठरवा आणि मग वाटा.

आपल्या देशातले या जातीचे सर्वांत मोठे उदाहरण प्रत्येक पत्त्याच्या शेवटी लिहिलेले असते. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित-कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. सारख्या नावांची गावे, वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले पत्ते, यातून वाट काढायला सहा अंक. पहिला अंक विभागाचा. असे नऊ विभाग, त्यांतला नववा लष्करी टपालाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चारमध्ये येतात. दुसरा अंक उपविभागाचा, तिसरा पत्रे वेगळी करणाऱ्या जिल्ह्याचा: 400 म्हटले की मुंबई, 411 म्हटले की पुणे, 403 म्हटले की गोवा. उरलेल्या तीन अंकांत नेमके टपाल कार्यालय.

कार्डांचे यंत्र उजव्या अंकाकडून सुरुवात करी, टपाल डावीकडून करते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कार्डे एकाच खोलीत असतात. प्रत्येक फेरीनंतर ती पुन्हा एका गठ्ठ्यात गोळा करायची असतात. पत्रांचे गठ्ठे मात्र पहिल्या अंकानंतर वेगवेगळ्या गाड्यांत चढतात आणि पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत. पुढचा अंक पुढच्या मुक्कामी वाचला जातो, तोही फक्त तिथे पोचलेल्या पत्रांचा. एक कोटी पत्रांना सहा अंक म्हणजे सहा कोटी वेळा पत्र कप्प्यात टाकणे. पत्रे दुप्पट झाली तर काम दुप्पट, त्याहून जास्त नाही. यादी नुसत्या नावांची असती आणि नावे वाटेल तितकी लांब असती, तर हा मार्ग इतका स्वस्त पडला नसता. सहाच अंक आहेत, म्हणून पडतो.